पाखरांची पुस्तके

पूर्वी पक्षी निश्चयाने ओळखावयाचा म्हणजे तो बंदुकीने पाडून हाती घ्यावा लागे. ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिमालेतील पक्ष्यांचे चार खंड (१८८९ ते १८९८) विद्वन्मान्य खरे. पण चोच व पंख मोजावयास झाडावरील पाखरू थोडेच थांबणार!

ही विद्या सामान्य वाचकाच्या अंगणात आणणाऱ्यांत एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हे एक होत. १८५१ साली साताऱ्यास एका मिशनऱ्याच्या घरी ते जन्मले व पुढे मिठाच्या खात्यात नोकरीस राहिले. मुंबईच्या नेहमीच्या पाखरांवरील त्यांचे पुस्तक १९०० साली निघाले. पुढे सालिम अली यांनी १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. आपला जिल्हा तेव्हा त्याच संस्थानात होता. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले, आणि रंगीत चित्राशी पाखरू ताडून पाहणे शाळकरी मुलासही साधले.

मात्र ही सर्व पुस्तके इंग्रजी. माळावरची टिटवी दुरून आवाजाने ओळखणाऱ्या मुलास ती त्यांत ‘लॅपविंग’ ह्या नावाखाली कशी सापडावी? मारुती चितमपल्ली यांच्या ‘पक्षिकोशा’त ती टिटवी म्हणूनच भेटते.