सरासरी कोणाची, ऊन कोणाचे?

होळी आटोपली की वसंत आला, असे शाळेच्या पुस्तकात असते. आमच्या गोंदिया जिल्ह्यातही पळस फुलतो. पण सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावकडच्या आयाबाया तो पाहायला थांबत नाहीत. पहाटेच टोपल्या घेऊन त्या मोहाखाली पोचतात. प्रस्थापितांचा वसंत कवितेत आणि आमचा वसंत मोहफुलांच्या टोपलीत, हा फरक आधी लक्षात घेतला पाहिजे.

मग बातमी येते, "तापमान सरासरीपेक्षा दोन अंशांनी अधिक." ही सरासरी काय चीज आहे? हवामान खाते तीस वर्षांच्या नोंदींवरून ती काढते. पूर्वी १९८१ ते २०१० हा काळ धरत, आता १९९१ ते २०२० धरतात. तापलेली वर्षे हिशेबात आली की सरासरीही वर चढते आणि कालचे जादा ऊन आज 'सामान्य' ठरते. मार्च २०२२ आणि फेब्रुवारी २०२३ हे दोन्ही महिने, दिवसाच्या कमाल तापमानाच्या सरासरीत, १९०१ पासूनच्या तोवरच्या नोंदीत देशात सर्वाधिक उष्ण ठरले. उद्याच्या हिशेबात तेही सामान्य होतील!

मैदानी भागात पारा किमान ४० अंशांवर आणि सरासरीहून निदान साडेचार अंश वर गेला, किंवा थेट ४५ ला पोचला, तर उष्णतेची लाट मानतात. मे महिन्यात ४२-४३ अंश ही तर इथली रीतच. म्हणजे त्या दिवशी लाट नाही. पण तेंदूपाने तोडणाऱ्याला, मामा तलावाचा गाळ उपसणाऱ्याला ऊन कमी लागते काय? शिवाय पारा मोजतात तो सावलीत, झडपांच्या पांढऱ्या पेटीत. आमचा मजूर त्या पेटीत राबत नाही, तो उघड्या उन्हात राबतो.

ऊन कमी म्हणून की काय, अवकाळीही येते. मार्च २०२३ मध्ये विदर्भात पाऊस आणि गारपीट झाली. अशा वेळी पंचनामे होतात ते सातबाऱ्यावरच्या पिकाचे. नुकसान ३३ टक्क्यांवर असेल तर मदत मिळते. ती मिळालीच पाहिजे, धान उत्पादकाशी आमचे भांडण नाही. पण मोहफूल भिजले की काळे पडते, भाव जातो. त्याचा पंचनामा कोण करणार? ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याच्या नुकसानीची सरासरी कोणी काढतच नाही.

"उन्हाळा आहे, ऊन लागणारच," असे आम्हाला सांगितले जाते. चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांनी न पिणे हेही एके काळी 'नेहमीचेच' होते. २० मार्च १९२७ रोजी, अशाच उन्हाच्या दिवसांत, बाबासाहेबांनी महाडला ते नेहमीचेपण मोडले. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आणणारे विधेयक त्याच काळातले. मजुराने किती वेळ राबायचे हे कायद्याने ठरवता येते, हा त्यातला धडा.

म्हणून आमची मागणी साधी आहे. रोजगार हमीचे काम पहाटे सुरू करून ऊन चढण्याआधी थांबवा, मजुरी न कापता. पिण्याचे पाणी, सावली आणि प्रथमोपचार पेटी या सोयी २००५ च्या कायद्यानेच सांगितल्या होत्या. कागदावरच्या त्या सोयी कामावर दिसू द्या. भिजलेल्या मोहाचीही नोंद घ्या.

१४ एप्रिलला आम्ही मिरवणुकीत ठिकठिकाणी पाणी वाटतो. ही आमची चांगली रीत आहे. पण यंदा दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत जाऊन एक प्रश्नही विचारू या. आमच्या गावच्या कामावर पाण्याचा माठ आणि सावलीचा मांडव कुठे आहे?