सर्वाधिक बॉम्ब टाकूनही अमेरिका व्हिएतनाममध्ये का हरली? दरेकसाच्या जंगलाने काय शिकावे?

मुंबई-हावडा रेल्वेमार्गावर, गोंदियाच्या पुढे छत्तीसगडच्या सीमेजवळ दरेकसा हे छोटे स्टेशन आहे. बाहेरच्या अनेकांनी हे नाव ऐकले ते माओवाद्यांच्या 'दरेकसा दलम'मुळे. जंगलात लपणाऱ्या, सीमा ओलांडून निसटणाऱ्या शत्रूशी लढायचे कसे? बलाढ्य अमेरिकेलाही हा प्रश्न सुटला नव्हता.

अमेरिकेची पद्धत काय?

इतिहासकार रसेल वीग्ली यांनी १९७३च्या पुस्तकात ती मांडली: माणसे, कारखाने, दारूगोळा यांच्या जोरावर शत्रूची ताकदच संपवायची. यादवी युद्धात (१८६१-६५) जनरल ग्रँट आणि शर्मन असेच लढले. दुसऱ्या महायुद्धातही हेच सूत्र चालले.

व्हिएतनाममध्ये काय बिघडले?

तिथे समोर फक्त सैन्य नव्हते, गावात मिसळलेले गनिमही होते. अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धापेक्षा जास्त वजनाचे बॉम्ब टाकले. यश मोजले ते मृतदेह मोजून. १९६३ पासून 'च्यू होई' ही आत्मसमर्पण योजनाही होती. सरकारी आकड्यांनुसार लाखाहून अधिक लोक शरण आले. तरीही ३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव पडले. कारण, ज्या सरकारसाठी हे युद्ध सुरू होते, त्यावर गावांचा विश्वासच बसला नव्हता. अफगाणिस्तानातही २० वर्षांनी, २०२१ मध्ये, तेच घडले.

आपल्याकडे काय झाले?

१९९० मध्ये गडचिरोलीत स्थानिक तरुणांचे 'सी-६०' पथक उभे राहिले. जंगल आणि गोंडी भाषा दोन्ही त्यांच्या ओळखीची. २००५ मध्ये राज्याची आत्मसमर्पण योजना आली. बंदूकही चालली: नोव्हेंबर २०२१ मध्ये मर्दिनटोला चकमकीत २६ माओवादी ठार झाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपतीने ६० साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे ठेवली. पाठोपाठ नोव्हेंबरमध्ये तीन राज्यांच्या सीमाभागातील 'एमएमसी' झोनचा प्रवक्ता अनंत साथीदारांसह गोंदियात शरण आला.

मग युद्ध संपले का?

मृतदेहांचा आकडा जसा फसवा, तसा शरण आलेल्यांचाही फसवा ठरू शकतो, हे व्हिएतनामने दाखवले. बंदुका थांबल्यावर गावात शिक्षक टिकतो का, दवाखाना उघडा असतो का, वनहक्काचा दावा मंजूर होतो का, यावर खरा निकाल ठरेल. तो निकाल दरेकसाच्या आसपासची गावेच देतील.