शालेय संगणकाची चाळणी आणि शब्दार्थाचा प्रश्न

शाळेतील संगणकावर विद्यार्थ्याने काय वाचावे, हा निर्णय पुष्कळदा शिक्षकाऐवजी एक संगणकीय चाळणी घेते. ही चाळणी बऱ्याच अंशी शब्दांवरून मजकुराची पारख करते. म्हणून तिची निवड हा केवळ तंत्रज्ञांचा प्रश्न नव्हे. भाषेच्या अभ्यासकांनीही त्यात लक्ष घालणे अगत्याचे आहे.

या संदर्भात अमेरिकेचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथे २००० साली संमत झालेल्या बाल-इंटरनेट संरक्षण कायद्याने, इंटरनेटसाठी शासकीय सवलत घेणाऱ्या शाळांना व ग्रंथालयांना चाळणी बसविणे बंधनकारक केले. ग्रंथालयांच्या संदर्भात या कायद्याला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये फेटाळले. तथापि या कायद्याची सक्ती अश्लील व बालकांस अपायकारक अशा चित्रांपुरती आहे. लिखित मजकूर रोखण्याची सक्ती त्यात नाही. शिवाय मुलांसाठी अनुचित काय, हे ठरविण्याचा अधिकार स्थानिक शिक्षणसंस्थेकडेच ठेवलेला आहे. शब्दांवरून मजकूर अडविणारी चाळणी म्हणजे कायद्याच्या मागणीपलीकडे टाकलेले पाऊल होय.

चाळणीच्या प्रमुख पद्धती तीन. पहिलीत निषिद्ध संकेतस्थळांची यादी असते. ती सतत अद्ययावत ठेवावी लागते. दुसरीत निषिद्ध शब्दांची यादी असते. तिचा दोष १९९६ मध्ये इंग्लंडमधील स्कनथॉर्प या गावाने जगासमोर आणला. गावाच्या नावात एक असभ्य अक्षरसमूह दडलेला असल्याने तेथील रहिवाशांना एओएल या सेवेत खाते उघडता येईना. तिसरी पद्धत संभाव्यतेची. स्पॅम, म्हणजे अनाहूत टपाल, ओळखण्यासाठी ती विशेष रूढ झाली. पॉल ग्रॅहम यांच्या २००२ मधील लेखाने तिला मोठी चालना दिली. तीत एकाच शब्दावरून निवाडा होत नाही. पूर्वी तपासलेल्या पत्रांत कोणते शब्द कितीदा आले, यावरून संपूर्ण मजकुराची शक्यता मोजली जाते.

मराठीत शब्दयादीची अडचण अधिकच वाढते. ‘दारू’ हा शब्द निषिद्ध ठरविला, तर शोभेची दारू अडेल, गडावरचे दारूकोठार अडेल आणि दारूबंदीचा प्रचारही अडेल. ‘मटका’ हा जुगार आहे तसेच पाण्याचे भांडेही आहे. शरीरावयवांची नावे वगळल्यास आरोग्यशिक्षणाबरोबर गाथासप्तशतीसारखा ग्रंथही वर्ज्य होईल. उलट, मराठी शब्द रोमन लिपीत लिहिला की देवनागरी यादी निष्प्रभ ठरते. प्रामुख्याने इंग्रजी मजकुरावर घडविलेली संभाव्यतेची चाळणीही मराठीपुढे अडखळणारच. कारण ती पूर्वी पाहिलेल्या मजकुरावरूनच शिकते.

यावरून निवडीचे काही निकष निघतात. शाळेच्या भाषांतील नित्याच्या मजकुरावर चाळणीची आधी परीक्षा घ्यावी. अपायकारक मजकूर किती सुटला याबरोबरच निर्दोष मजकूर किती अडला, हेही मोजावे. पृष्ठ का अडले याचे कारण वाचकास कळावे आणि शिक्षकास ते तत्काळ खुले करता यावे. शंकास्पद टपाल नष्ट न करता वेगळे ठेवावे. प्रवेशपत्र किंवा शिष्यवृत्तीची सूचनाही त्यात सापडू शकते. वयोगटानुसार बंधने बदलावीत.

सुटलेला अनुचित मजकूर कोणाच्या तरी नजरेस पडतो व त्याची तक्रार होते. अडविलेल्या पुस्तकाची मात्र विद्यार्थ्यास वार्ताही लागत नाही. म्हणूनच या दुसऱ्या दोषाकडे अभ्यासकांनी अधिक सावधपणे पाहिले पाहिजे.