इंग्रजीतील मूक 'के' : जर्मन व प्राकृत भाषांच्या साक्षीने

प्रास्ताविक

पदवीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी 'नाइफ' हा शब्द 'क्नाइफ' असा वाचतो, वर्गात हशा पिकतो आणि अध्यापक 'येथे के मूक असतो' एवढे सांगून पुढच्या ओळीकडे वळतात. नियम सांगितला जातो, कारण सांगितले जात नाही. विद्यार्थी मात्र दोन समजुती मनाशी बांधून घरी जातो. पहिली, इंग्रजी ही लहरी भाषा आहे. दुसरी, तिच्यापुढे आपण अडाणी आहोत. केळापूरसारख्या तालुक्यात, जेथे एकाच बाकावर मराठी, कोलामी, गोंडी, तेलुगू व बंजारा बोली घरी बोलणारी मुले बसू शकतात, तेथे या दुसऱ्या समजुतीची किंमत अधिक मोजावी लागते. प्रस्तुत लेखात 'के' व 'एन' या अक्षरांनी आरंभ होणाऱ्या इंग्रजी शब्दांचा, त्यांच्या जर्मन सहोदरांसह, उगम व अर्थ पाहावयाचा आहे. हसू ओढवून घेणारा तो उच्चार जर्मन भाषेत आजही शुद्ध ठरतो आणि इंग्रजीत चारशे वर्षांपूर्वी तो रूढ होता, ही वस्तुस्थिती आरंभीच नमूद करणे इष्ट होय.

लेखन टिकले, उच्चार गेला

जुन्या इंग्रजीत हे शब्द 'सी' व 'एन' या अक्षरांनी लिहीत. उच्चार मात्र 'क्न' असाच होता. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर लेखनिकांच्या हातून 'सी'च्या जागी 'के' रूढ झाला. चौदाव्या शतकातील चॉसर 'नाइट' (सरदार) या शब्दातील 'क' स्पष्ट उच्चारीत असे. १४७६ मध्ये कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टर येथे मुद्रणालय स्थापिले आणि शब्दांची लिखित रूपे हळूहळू स्थिर होऊ लागली. 'क' मात्र प्रमाण उच्चारातून गेला तो सतराव्या शतकाच्या अखेरीस. जॉन्सनचा कोश १७५५ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा उच्चार लोपला होता, लेखन गोठले होते. म्हणजे ज्याला आपण मूक अक्षर म्हणतो ते वास्तविक एका जुन्या उच्चाराचे स्मारक आहे.

हा लोप एका झेपेत झाला नाही. 'क' उच्चारताना जिभेचा मागील भाग टाळूला टेकतो, 'न' उच्चारताना पुढील भाग. दोहोंमध्ये स्वर नसल्यामुळे पहिल्या वर्णाचा स्फोट नाकावाटे विरून जातो आणि तो ऐकू येईनासा होतो. त्या काळच्या काही उच्चारवर्णनांत 'क्न'च्या जागी 'त्न'सारखा मधला टप्पाही नोंदलेला आढळतो. मराठी वाचकास हे ओळखीचे वाटावयास हवे. 'ज्ञ' या जोडाक्षरात मुळात ज् व ञ् आहेत. आपण त्याचा उच्चार 'द्न्य' करतो, हिंदी भाषक 'ग्य' करतात, तेलुगू व गुजराती भाषक 'ग्न'च्या जवळ जातात. नागपूर-हैदराबाद महामार्गावरील पांढरकवडा येथे हे उच्चार ऐकावयास दूर जावे लागत नाही. स्पर्शवर्णापाठोपाठ अनुनासिक आले की जीभ तडजोड करू लागते. ही तडजोड कोण्या एका भाषेची नव्हे.

गुडघा आणि ज्ञान

इंग्रजी 'नी' आणि जर्मन 'क्नी' हे दोन्ही शब्द गुडघ्याचे वाचक आहेत. लॅटिनमध्ये 'गेनु', ग्रीकमध्ये 'गोनु', संस्कृतात 'जानु'. मूळ भारोपीय भाषेतील 'ग'च्या जागी जर्मानिक शाखेत 'क' येतो, हा नियम याकोब ग्रिम याने १८२२ मध्ये आपल्या जर्मन व्याकरणाच्या दुसऱ्या आवृत्तीत व्यवस्थितपणे मांडला. रास्क या डॅनिश पंडिताने १८१८ मध्ये त्याची दिशा दाखविली होती. येथपर्यंतची माहिती भाषाविज्ञानाच्या कोणत्याही क्रमिक पुस्तकात सापडते. पण एक शंका राहते. लॅटिन, ग्रीक व संस्कृत शब्दांत दोन व्यंजनांमध्ये स्वर आहे. इंग्रजी व जर्मनमध्ये तो का नाही?

या शंकेचे उत्तर पाणिनीजवळ आहे. अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायाच्या चौथ्या पादात असा नियम आहे की, बहुव्रीहि समासात 'प्र' व 'सम्' यांच्या पुढील 'जानु' शब्दाच्या जागी 'ज्ञु' येतो. 'ऊर्ध्व' शब्दापुढे तो विकल्पाने येतो. ज्याचे गुडघे एकमेकांपासून दूर आहेत तो प्रज्ञु, ज्याचे जुळलेले आहेत तो संज्ञु. (प्रज्ञा व संज्ञा यांच्याशी या शब्दांचा संबंध नाही, घाईने वाचणारा येथे हमखास फसतो.) म्हणजे गुडघ्याच्या या शब्दाची दोन रूपे फार प्राचीन काळापासून नांदत होती: एक सस्वर, 'जानु', दुसरे जोडाक्षरी, 'ज्ञु'. जर्मानिक भाषांनी दुसरे उचलले. इंग्रजी शब्दाच्या आरंभीचा तो 'के' आणि पाणिनीच्या 'ज्ञु'मधील ज् हे अशा रीतीने एकाच वर्णाचे वारस ठरतात.

जाणण्याच्या धातूचीही हीच कथा. संस्कृत 'ज्ञा', ग्रीक 'ग्नो', इंग्रजी 'नो' ही जोडाक्षरी रूपे. तर मराठी 'जाणणे', जर्मन 'केनेन' (ओळखणे) व 'क्योनेन' (शकणे), इंग्रजी 'कॅन' ही सस्वर रूपे. 'कॅन' या साहाय्यक क्रियापदाचा मूळ अर्थ 'जाणणे' असाच होता. ज्यास जाणतो ते करू शकतो, असा अर्थविस्तार पुढे झाला. लॅटिनने तर इंग्रजीच्या कितीतरी आधी हा आद्य वर्ण टाकला. 'ग्नोस्केरे' या जुन्या रूपाचे अभिजात लॅटिनमध्ये 'नोस्केरे' झाले, परंतु उपसर्गाच्या आडोशाला 'ग' तग धरून राहिला. म्हणूनच इंग्रजीत आलेल्या 'इग्नोरन्स' शब्दात तो ऐकू येतो आणि 'नोबल' शब्दात ऐकू येत नाही, जरी दोहोंचे मूळ एकच आहे.

प्राकृतातील लोप

ज्या घटनेला आपण इंग्रजीचा विक्षिप्तपणा म्हणतो ती महाराष्ट्रात दोन सहस्र वर्षांपूर्वी घडून गेली आहे. सातवाहनांच्या नाण्यांवर राजाच्या नावाआधी 'रञो' हा शब्द येतो. तो संस्कृत 'राज्ञः' होय, आणि त्यातील ज् गळालेला आहे. यवतमाळशेजारच्या आजच्या वाशीम जिल्ह्यात तऱ्हाळा येथे १९३९ मध्ये सातवाहन नाण्यांचा जो मोठा साठा मिळाला, त्यामुळे विदर्भासही हा पुरावा परका नाही. याच वाटेने 'राज्ञी'ची राणी झाली, 'विज्ञप्ती'ची विनंती झाली, 'आज्ञे'ची आण झाली आणि 'यज्ञोपवीता'चे जानवे झाले. फरक इतकाच की, प्राकृतांनी उच्चाराबरोबर लेखनही बदलले, इंग्रजीने ते बदलले नाही. आपण 'राणी' हा शब्द 'राज्ञी' असा लिहून 'राणी' असा वाचीत असतो, तर आपल्या मुलांनाही 'येथे ज् मूक असतो' असेच सांगावे लागले असते.

द्राविड कुळात शब्दारंभी जोडाक्षर मुळातच नसे. जुन्या तेलुगूत 'क्रोत्त' (नवे) यांसारखे शब्द निर्माण झाले खरे, पण पुढे 'र' गळून 'कोत्त' हेच रूप बोलीत राहिले. कोलामी ही द्राविड कुळातीलच भाषा. एमेनो यांचा तिच्यावरील ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. तिची सवय घेऊन वर्गात आलेल्या मुलाने 'क्न'मध्ये एखादा स्वर घातला, तर तो निष्काळजीपणा समजण्याचे कारण नाही.

अर्थांची वाट

उच्चारात जर्मन भाषा इंग्रजीहून सनातनी. अर्थात मात्र दोघींनीही मनमानी केली आहे. जुन्या इंग्रजीत 'क्निख्ट' म्हणजे मुलगा, चाकर. इंग्लंडमध्ये राजाच्या पदरी शस्त्र धरणारा तो चाकर पुढे सन्मान्य सरदार बनला. जर्मनीत मात्र 'क्नेश्ट' हा शेतावरचा गडीच राहिला. याच्या उलट प्रवास दुसऱ्या जोडीचा. जर्मन 'क्नाबे' म्हणजे आजही मुलगा, किंचित जुन्या वळणाचा शब्द. इंग्रजी 'नेव्ह' मात्र मुलापासून चाकराकडे आणि चाकरापासून लबाडाकडे घसरला. पत्त्यांच्या डावात राजा-राणीखालच्या पानास इंग्रजीत हेच नाव होते. आपण त्यास गुलाम म्हणतो, आणि अर्थाच्या दृष्टीने आपला शब्द मुळाच्या अधिक जवळ आहे.

इतर अनेक शब्दांत गोळा, गाठ, दाबणे अशी एक छटा वावरते. गाठ या अर्थी इंग्रजी 'नॉट' व जर्मन 'क्नोटेन'. मळणे या अर्थी 'नीड' व 'क्नेटेन'. इंग्रजी 'नॉब' म्हणजे मूठ, जर्मन 'क्नोप्फ' म्हणजे गुंडी. इंग्रजी 'नोल' म्हणजे टेकाड, जर्मन 'क्नोले' म्हणजे कंद. 'निट' (विणणे) हे क्रियापद 'नॉट'पासूनच साधले आहे. 'नाइफ' मात्र उत्तरेकडील नॉर्स भाषेतून इंग्रजीत आला. जर्मन मनुष्य सुरीला 'मेसर' म्हणतो.

परंतु आरंभीची अक्षरे जुळली म्हणजे कूळ जुळले, असे मानण्याचा मोह आवरला पाहिजे. लसणाचा जर्मन शब्द 'क्नोब्लाउख' हा गोळ्या-गाठींच्या या कुटुंबात सहज खपून जाईल. लसणाचा कांदा दिसतोही तसाच. प्रत्यक्षात तो जुन्या जर्मनमध्ये 'क्लोबलाउख' असा होता. त्याचे मूळ चिरणे, दुभंगणे या अर्थाच्या धातूत आहे. म्हणजे पाकळ्यापाकळ्यांनी सुटणारा कांदा. पुढे येणाऱ्या 'ल'मुळे पहिल्या 'ल'चा 'न' झाला आणि शब्द परक्या घरात जाऊन बसला. जर्मनच्या सनातनीपणालाही मर्यादा आहेतच: कुरतडणे या अर्थाच्या इंग्रजी शब्दात 'ग' निदान लिहिला तरी जातो, त्याचा जर्मन भाऊ 'नागेन' याने तो लेखनातूनही कायमचा टाकला आहे.