ऑक्सिजनन्यून सागरतळ
सागरतळालगतच्या पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनाचे प्रमाण दर लिटरास सु. २ मिग्रॅ. पेक्षा कमी झाल्यास त्या तळास ऑक्सिजनन्यून म्हणतात. ही मर्यादा सोयीपुरतीच होय. कित्येक मासे ती येण्यापूर्वीच तळ सोडतात, तर काही कृमी तिच्या खालीही तग धरतात.

भारताचा पश्चिम किनारा हे या स्थितीचे ठळक उदाहरण आहे. अरबी समुद्रात सु. १५० ते १,००० मी. खोलीदरम्यान अत्यल्प ऑक्सिजन असलेल्या पाण्याचा थर कायम असतो. नैर्ऋत्य मॉन्सूनच्या काळात खालचे थंड, पोषकद्रव्यांनी समृद्ध परंतु ऑक्सिजनन्यून पाणी किनाऱ्यालगतच्या उथळ सागरतळावर चढते. पावसाच्या व नद्यांच्या गोड्या पाण्याचा पातळ थर त्यावर झाकणासारखा पसरल्याने हवेतील ऑक्सिजन खाली पोहोचत नाही. पोषकद्रव्यांमुळे फोफावलेले वनस्पतिप्लवक मरून तळाशी कुजते व उरलासुरला ऑक्सिजनही संपतो. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९९७ पासून गोव्यातील कांदोळीसमोर सु. २७ मी. खोल पाण्यात केलेल्या निरीक्षणांत हा क्रम स्पष्ट दिसला : प्रथम ऑक्सिजन, मग नायट्रेट नाहीसे होते आणि काही वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात विषारी हायड्रोजन सल्फाइडही आढळते. मेक्सिकोच्या आखातात मिसिसिपीच्या मुखाशी शेतातील खतांमुळे अशी स्थिती उद्भवते. येथे तिचे मूळ मुख्यतः नैसर्गिक आहे.

मासे दूर जाऊ शकतात. कार्ल बान्से यांनी तळमासळीच्या उपलब्धतेचा या पाण्याशी असलेला संबंध १९६८ मध्येच मांडला होता. मोठे कवचधारी, शिंपले व कंटकचर्मी प्राणी मात्र कमी होतात. छोटे बहुशूकी कृमी, सूत्रकृमी व फोरॅमिनीफेरा उरतात. हा बदल केवळ प्राण्यांच्या यादीपुरता नसतो. बिळे करणारे प्राणी गाळ उकरून त्यात ऑक्सिजनयुक्त पाणी खेळवितात. एका अर्थी ती सागरतळाची नांगरटच असते. ती थांबली की अमोनियाचे नायट्रेट करणारे सूक्ष्मजंतू निष्क्रिय होतात व अमोनिया तसाच पाण्यात येतो. पाण्यात आधीपासून असलेले नायट्रेट दुसरे सूक्ष्मजंतू श्वसनासाठी वापरतात. त्यातील नायट्रोजन वायुरूपाने निघून जातो. यास विनायट्रीकरण म्हणतात. फॉस्फरसाची गती याच्या उलट असते. गाळातील फेरिक ऑक्साइडास चिकटलेले फॉस्फेट, लोहाचे क्षपण होताच मोकळे होते. प्लवकांना हे दोन घटक सर्वसाधारणपणे १६ : १ या प्रमाणात लागतात, वरील दोन्ही क्रियांमुळे नायट्रोजनाची उणीव पडते.

विनायट्रीकरण अपुरे राहिल्यास नायट्रस ऑक्साइड साचतो. हा हरितगृह वायू असून समतापमंडलातील ओझोनासही घातक आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात पश्चिम किनाऱ्यावरील पाण्यातून तो मोठ्या प्रमाणात वातावरणात जातो.