काशीस काय सोडावे?

काशीयात्रा करून आलेल्या माणसास आपल्याकडे हमखास एक प्रश्न विचारला जातो : ‘काशीस काय सोडलेत?’ यात्रेकरूने आपल्या आवडीचे एखादे फळ वा भाजी त्या क्षेत्री कायमची सोडून यावी, ही जुनी रीत होय. मुळातच न आवडणारे कारले सोडून पुण्य पदरात पाडून घेणारे धूर्त यात्रेकरूही असतातच! परंतु रीतीमागचा अर्थ गंभीर आहे. तीर्थाहून काय आणले, यापेक्षा तेथे काय ठेवले यावरून यात्रेचे मोल ठरते. त्रिपुरी पौर्णिमेच्या पर्वावर काशीस निघणाऱ्या भाविकांनी तो मनाशी बाळगावा.

मराठी माणसास या पौर्णिमेचे आणि काशीचे नाते विशेष आहे. भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली विस्तृत टीका संत एकनाथांनी पैठणास आरंभिली आणि शके १४९५, म्हणजे इ. स. १५७३ च्या कार्तिकी पौर्णिमेस काशीक्षेत्री पूर्ण केली. प्राकृतात रचलेल्या या ग्रंथावर तेथील विद्वानांनी प्रथम आक्षेप घेतला आणि अखेरीस त्याचा गौरव केला, असे परंपरा सांगते. गोदातीरीच्या या सत्पुरुषाने गंगातीरी ठेवले ते आपल्या मायबोलीतील शब्दधन.

काशीचे खरे दर्शन नौकेतून घडते. येथे गंगा उत्तरवाहिनी होते. सारे घाट पश्चिम तीरावर असून समोरचे पात्र मोकळे आहे. म्हणून उगवत्या सूर्याचे पहिले किरण थेट पायऱ्यांवर उतरतात. पूर्वापार चालत आलेली पंचतीर्थी यात्रा या प्रवाहावरच होते. अस्सी, दशाश्वमेध, वरुणासंगमावरील आदिकेशव, पंचगंगा आणि शेवटी मणिकर्णिका, असा तिचा क्रम. अस्सीहून निघालेली नाव दशाश्वमेधानंतर मणिकर्णिकेसमोरून जाते, पण तेथे थांबत नाही. राजघाटाच्या पुलाखालून आदिकेशवापर्यंत जाऊन ती प्रवाहाच्या उलट माघारी वळते. वाटेवर आधी दिसणारे महास्मशान क्रमाने अखेरीस येते. चिता पाहून घाईने मान फिरवणाऱ्या यात्रेकरूस येथे दुसऱ्यांदा यावेच लागते. पहिल्या खेपेस जे केवळ दृश्य वाटते, त्याच ठिकाणी दुसऱ्या खेपेस पाय जमिनीवर ठेवावे लागतात. मणिकर्णिका ही यात्रेची पूर्तता मानली आहे, ती उगाच नव्हे.

या प्रवासात मराठी कानांस ओळखीची नावे सतत भेटतात : अहिल्याबाई घाट, भोसले घाट, शिंदे घाट. श्रीविश्वनाथाचे आजचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८० साली उभारविले. पुढे महाराजा रणजितसिंहांनी शिखरासाठी सुवर्ण अर्पण केले. १३ डिसेंबर २०२१ रोजी नव्या विश्वनाथधामाचे उद्घाटन झाले आणि पूर्वी अरुंद गल्ल्यांतून जाणाऱ्या यात्रेकरूस गंगातीरावरून मंदिरापर्यंत प्रशस्त वाट मिळाली. तरीही केवळ रांगेत उभे राहून क्षणभराचे दर्शन घ्यावे, सायंकाळची आरती पाहावी आणि रात्रीची गाडी धरावी, एवढ्याने काशी घडत नाही. ज्या पायरीवर आपण स्नानास उतरतो ती कोणी बांधली, कोणासाठी बांधली, याचा क्षणभर विचार व्हावा. दरवर्षी पावसाळ्यात गंगा चढते, घाटांच्या पायऱ्या पाण्याखाली जातात आणि पूर ओसरला की गाळाने भरून वर येतात. ज्यांना आपण कधी पाहणारही नाही अशा लेकरांचे पाय घसरू नयेत म्हणून ते दगड पुरात टिकतील असे बसविले गेले. दान म्हणतात ते हे.

पंचगंगा घाटावर अहिल्याबाईंचा मानला जाणारा पाषाणाचा दीपस्तंभ आहे. त्रिपुरी पौर्णिमेस, म्हणजे काशीकरांच्या देवदिवाळीस, तो शेकडो ज्योतींनी उजळतो. या घाटावरून दीपोत्सवाची प्रथा १९८० च्या दशकापासून अन्य घाटांवर पसरली आणि आता अस्सीपासून पुढे सारा तीर त्या रात्री तेजाने न्हाऊन निघतो.

काशीहून आणावयाचे ते गंगाजल. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली द्रव्यार्जनासाठी उत्तरेस निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. मिळविलेले द्रव्य वाटेत लुटले गेले. पण आईवडिलांस स्नान घालण्यासाठी गंगेची कावड मात्र त्यांनी कोकणापर्यंत पोहोचविली. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली प्रसिद्ध झाला. नाथांच्या चरित्रात तर रामेश्वरास निघालेल्या कावडीतील पाणी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातल्याची कथा आहे. गंगाजल देव्हाऱ्यातील गडूत बंद असते तोवर ते ठेव असते. तहानेल्याच्या ओठी गेले की ते तीर्थ होते. परतल्यावर मावंदे घालून चार घरांना जेवू घालण्याची आपली प्रथाही हेच शिकविते.

आज मात्र भाविकच गंगेत नको ते सोडून येतात. प्लॅस्टिकच्या पिशव्या, निर्माल्य, जुन्या तसबिरी, कागदी द्रोणांतील दिवे. पूर्वजांनी दिव्यासाठी तीरावर दगडी स्तंभ रचला. आपण त्याच दिव्याचा कचरा आईच्या अंगावर टाकावा काय? यंदा पणती लावावयाची तर ती घाटाच्या पायरीवर लावावी आणि विझल्यावर स्वहस्ते उचलावी. आवडीचे फळ सोडावेच. पण त्यासोबत ही एक सवयही काशीस सोडून यावी. मग मावंद्याच्या पंगतीत ‘काय सोडलेत?’ असे कोणी विचारले, तर उत्तर देताना मान खाली घालावी लागणार नाही.