कर्करोग-संशोधनातील सहकार

कर्करोगावरील संशोधन म्हटले की महानगरांतील भव्य इस्पितळे आणि किरणोपचाराची अजस्र यंत्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी साऱ्या जगाला मार्गदर्शक ठरलेला एक मोठा प्रयोग मराठवाड्यातील खेड्यापाड्यांत झाला. एकेकाळी हैदराबाद संस्थानात असलेल्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील ही खेडी. हे कार्य कोणा एका संस्थेच्या आवाक्यातील नव्हते. तीन संस्था एकत्र आल्या म्हणूनच ते तडीस गेले.

पहिली संस्था १९४१ साली सुरू झालेले मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय. तज्ज्ञ आणि प्रयोगशाळा यांची तेथे वाण नव्हती. मात्र खेड्यातील स्त्री तेथवर पोहोचे ती बहुधा रोग बळावल्यावर. दुसरी संस्था बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कर्करोग रुग्णालय. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी १९८७ मध्ये येथे सुरू झाली. खेड्यात रोगाचे निदान न होताच माणूस दगावण्याचा संभव असतो; म्हणून बार्शीचे कार्यकर्ते स्वतः गावोगाव जात, लक्षणे समजावून सांगत आणि संशयित रुग्णांना तपासणीस आणीत. परिणामी स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकर उपचारासाठी येऊ लागल्या. तिसरी संस्था फ्रान्समधील लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था. प्रयोगाची आखणी आणि आकडेवारीचे विश्लेषण यांत तिचा हातखंडा. थोडक्यात, एकीजवळ विद्या होती, दुसरीजवळ लोकांचा विश्वास आणि तिसरीजवळ गणित.

१९९९ मध्ये प्रयोगास आरंभ झाला. गावांचे ५२ समूह पाडून त्यांची यदृच्छेने चार गटांत विभागणी करण्यात आली. त्यांत ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया होत्या. एका गटात गर्भाशयमुखावरील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. दुसऱ्यात त्या भागावर सौम्य ॲसिटिक आम्ल लावून पांढरे डाग दिसतात का ते पाहिले. तिसऱ्यात पॅपिलोमा विषाणूचा शोध घेतला. चौथ्या गटात तपासणी नव्हती; तेथील स्त्रियांना रोगाची माहिती आणि नेहमीची वैद्यकीय सेवा एवढेच मिळाले.

आठ वर्षांचा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४ जणी या रोगाने दगावल्या होत्या. विषाणू-तपासणीच्या गटातील ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी. आयुष्यातील एकाच तपासणीने मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. इतर दोन पद्धतींनी मृत्यूंत तशी लक्षणीय घट दिसली नाही. याचे कारण या रोगाच्या संथ गतीत आहे. विषाणूचा संसर्ग दीर्घकाळ टिकून राहिला, तर त्यातून कर्करोग होण्यास बहुधा पंधरा-वीस वर्षे लागतात. तेवढ्या अवधीत धोका ओळखून बिघडलेल्या पेशी गोठवून नष्ट केल्या, की पुढील अनर्थ टळतो.

या यशाला एक बोचरी बाजूही आहे. चौथ्या गटातील स्त्रियांना तपासणीवाचून ठेवणे न्याय्य होते काय, असा प्रश्न पुढे अभ्यासकांनी उपस्थित केला. तेथे अशी तपासणी मुळात होतच नव्हती, असे समर्थन करण्यात आले. वाद कसाही मिटो, एक गोष्ट निर्विवाद आहे : ज्या स्त्रियांच्या सहभागातून हे ज्ञान निष्पन्न झाले, त्यांच्या लेकीसुनांचा त्यावर पहिला हक्क आहे.

जगाने हे ज्ञान स्वीकारले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये विषाणू-तपासणीस अग्रक्रम दिला. परंतु भारतात २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ३० ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी केवळ १.९ टक्के स्त्रियांची गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेली आढळली. ज्ञान खेड्यातून जगभर गेले. खेड्याकडे मात्र ते अद्याप परतावयाचे आहे.

या परतीच्या वाटेवरील एक पाऊल म्हणजे २०१२ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय कर्करोग जाळे ही योजना. टाटा मेमोरियल केंद्राच्या पुढाकाराने तीनशेहून अधिक संस्था तीत सामील झाल्या आहेत. उपचारांची समान मार्गदर्शक तत्त्वे त्यांनी ठरविली, आणि ४० औषधांसाठी अनेक रुग्णालयांनी एकत्रित बोलणी करून छापील किमतीच्या मानाने मोठी बचत साधली. एकट्या लहान रुग्णालयाला जो भाव कधीच मिळाला नसता, तो संघटित मागणीमुळे मिळू शकतो. घरदार सोडून मुंबईची वाट धरणाऱ्या रुग्णाला आपल्या गावाजवळच योग्य उपचार लाभावा, हा या जाळ्यामागील हेतू.

मोठ्या संस्थांचे एकत्र येणे इष्ट खरेच. तथापि त्याची कसोटी शोधनिबंधांच्या संख्येत नाही. बार्शीच्या कार्यकर्त्यांनी ज्या दारांवर थाप दिली, तशा प्रत्येक दारापर्यंत तपासणी पोहोचली, म्हणजेच हा सहकार सफल झाला असे म्हणता येईल.